लाकडी चाकांना ‘मजबूत’ बोल्ट नकोत, योग्य बोल्ट हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारींच्या जतनाविषयी आलेला लेख वाचला. लाकडी चाकांचे गंजलेले बोल्ट काढून त्यांच्या जागी जवळच्या मापाचे, अधिक मजबूत असे आधुनिक बोल्ट बसवावेत, असा सल्ला त्यात दिला आहे. बाकीचा लेख उत्तम असला तरी हा सल्ला धोक्याचा आहे, म्हणून हे पत्र.

1908 ते 1927 या काळात तयार झालेल्या फोर्ड मॉडेल टीसारख्या गाडीत हिकरीच्या लाकडाच्या बारा आऱ्यांची निमुळती टोके हबभोवती (चाकाच्या मधल्या तुंब्याभोवती) पाचरींप्रमाणे एकमेकांना भिडलेली असतात आणि दोन्ही बाजूंच्या पोलादी चकत्यांमध्ये ती बोल्टांनी आवळून धरलेली असतात. गाडीचा भार आरे पेलतात; त्यांना जागचे हलू न देणे हे बोल्टचे काम. त्यामुळे बोल्ट कितीही कठीण पोलादाचा आणला, तरी तो किती आवळायचा याची मर्यादा लाकूडच ठरवते. ती ओलांडली की बोल्ट शाबूत राहतो, लाकडाचे तंतू मात्र चिरडतात आणि काही दिवसांनी तोच नट पुन्हा सैल लागतो. अशा वेळी आणखी आवळणारे पुष्कळ भेटतात!

खरी निवड बोल्टच्या बिनआट्यांच्या दांड्यावर व्हायला हवी. लाकडातून जाणारा बोल्टचा भाग गुळगुळीत असावा आणि आटे पलीकडच्या चकतीच्या आसपास सुरू व्हावेत. टोकापासून डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट दुकानात सहज मिळतो, पण चाकावर धक्के बसत असताना त्याचे आटे कानशीसारखे भोक घासत राहतात. भोक लंबवर्तुळाकार झाले की आरा करकरू लागतो. तेव्हा जाड बोल्ट घालण्यासाठी भोक मोठे करणे हा उपाय नव्हे, कारण आऱ्यांची टोके तिथे आधीच अरुंद असतात. असा आरा बदलणेच बरे.

आट्यांच्या बाबतीत तर ‘जवळचे माप’ हा शब्दप्रयोगच टाळावा. अडीच सुती, म्हणजे 5/16 इंची बोल्टचा व्यास 7.94 मिलिमीटर भरतो आणि मेट्रिक एम-8 चा 8 मिलिमीटर, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर दोन-चार आटे चढतो आणि मग, दोन आट्यांमधले अंतर वेगळे असल्याने, अडतो. पान्याने जोर लावला तर आटे मोडतात. तीन सुती बोल्टमधील फसगत याहून कठीण आहे. 3/8 इंची व्हिटवर्थ (जुने ब्रिटिश प्रमाण) आणि अमेरिकी जाड आटे, दोन्हींत इंचाला सोळाच आटे असतात, पण पहिल्याच्या आट्यांचा कोन 55 अंशांचा आणि दुसऱ्याचा 60 अंशांचा. नट शेवटपर्यंत फिरतो आणि पकड मात्र अपुरी राहते. जुन्या अमेरिकी गाड्यांचे आटे आजच्या युनिफाइड (इंची मापांच्या प्रमाणित) आट्यांशी बहुधा जुळतात. ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत तसे गृहीत धरू नये. पिच गेज (आट्यांमधले अंतर मोजण्याची पट्टी) आणि व्हर्निअर (व्यास अचूक मोजण्याचे साधन) हाताशी नसतील, तर बोल्ट विकत घेऊच नयेत.

अनेक जुन्या चाकांत नट आवळल्यावर बोल्टचे टोक ठोकून पसरवलेले असते, म्हणजे नट सुटत नाही. मऊ पोलाद असे पसरते. उच्च प्रतीचे कठीण पोलाद ठोकल्यावर चिरण्याची भीती असते. नट सैल होऊ नये म्हणून आत नायलॉनचे कडे असलेले नट मिळतात, पण मागच्या चाकांजवळ, जिथे ब्रेक ड्रम तापतो, तिथे ते मी सुचवणार नाही. तिथेच बोल्टच्या डोक्याची जाडीही पाहावी लागते, कारण डोके थोडे जरी उंच झाले तरी ते ब्रेकच्या भागांना घासू शकते.

तयार बोल्ट न मिळाल्यास मऊ पोलादाच्या सळईतून लेथवर ते करून घेता येतात, पण त्यासाठी नमुना हवा. म्हणून जुना बोल्ट कितीही गंजलेला असला, तरी प्रत्येक चाकातील निदान एक जपून ठेवावा, आणि पुढच्या व मागच्या चाकांतील बोल्ट वेगळे ठेवावेत, कारण त्यांची लांबी सारखी असेलच असे नाही.

मूळ लेखातील तो परिच्छेद दुरुस्त करून पुढील रविवारी छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक