गाडीत बसण्याआधी हे वाचा

कोल्हापूर, ८ फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट अर्धवट कळून चालणार नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. २० तारखेच्या तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्हाला न्यायला मी गडहिंग्लजला आपली अल्टो घेऊन येणार आहे. त्याआधी तिचं काय झालं होतं ते तुम्हा दोघांना माहीत असायला हवं.

डिसेंबरात तुमच्याकडून परत येताना गोकुळ शिरगावच्या अलीकडे मी उसाच्या ट्रॉलीला मागून धडकले. अंधार पडला होता, ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. पण पुढच्या गाडीपासून ठेवायचं अंतर मी ठेवलं नव्हतं, हेही खरं. ब्रेक दाबला होता, वेग बराच कमी झाला होता, पट्टा लावलेला होता. मला खरचटलंसुद्धा नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. आईचं बीपी वाढलेलं होतं म्हणून गप्प बसले, पण दोन महिने लपवलं याची रोज टोचणी लागली. माफ करा.

ट्रॉलीची मागची बाजू आपल्या बंपरपेक्षा उंच. त्यामुळे खरा मार बसला तो बॉनेटच्या कडेला, ग्रिलला आणि डाव्या हेडलाइटला. बॉनेट मधोमध दुमडलं. रेडिएटर ज्या आडव्या पत्र्याला अडकवलेला असतो, ज्याला डेंटर 'शो' म्हणतात, तो मध्ये आत गेला आणि रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी तडकली. पाणी गळत असताना इंजिन चालू ठेवायचं नाही हे तुम्हीच शिकवलं होतं. गाडी तिथेच बंद केली आणि ओढून घरी आणली.

गॅरेजवाल्याने ३४ हजारांचा अंदाज दिला. आपला विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपया मिळणार नव्हता. २०१२ सालच्या गाडीवर एवढे घालण्यापेक्षा ती भंगारात द्या, असंही त्याने सुचवलं. मला ते सहन झालं नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत तुम्ही प्रत्येक ऑइल बदलाची तारीख आणि किलोमीटर लिहिलेत. तशी जपलेली गाडी बॉनेट दुमडलं म्हणून मोडीत काढायची?

आमचे घरमालक काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. ते म्हणाले, आधी मापं घेऊ, मग ठरवू. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. आपल्या गाडीत एअरबॅग नाहीत, असत्या तर काका पुढच्या भागाला घरी हात लावू देणार नव्हते. मग सस्पेन्शनच्या वरच्या बोल्टपासून पुढच्या टोकाच्या विरुद्ध बाजूच्या बोल्टपर्यंत सुतळी तिरकी ताणली, आधी डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. दोन्ही मापं जुळली नसती तर एप्रन (चाकावरचा आतला पत्रा) आणि चेसिस (गाडीचा सांगाडा) वाकली असं समजायचं आणि काम घरी करायचं नाही, थेट उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये न्यायचं. फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा निघाला, म्हणजे मापं जुळली. मार शोपर्यंतच थांबला होता. मी तिथेच फरशीवर बसले आणि मला रडू आलं.

शो सरळ करणं हे सगळ्यात नाजूक काम, कारण बॉनेटचं लॉक त्याच्यावरच बसतं. तो सेंटिमीटरभर जरी मागे राहिला तरी लॉक अर्धवट लागतं, आणि हायवेवर वाऱ्याने बॉनेट उघडून काचेवर येऊ शकतं. काकांनी परसातल्या कडुनिंबाला चेन पुली बांधली, साखळीवर ओलं पोतं टाकलं (तुटली तर उसळू नये म्हणून) आणि अगदी थोडं थोडं ओढलं. पत्रा सोडला की जरा मागे जातो, म्हणून हवा त्याहून किंचित पुढे आणायचा. ओढ, सैल सोड, सुतळी लाव, पुन्हा ओढ. दुपार गेली त्यात. लॉकच्या पट्टीला चीर गेली होती, ती तेवढी उद्यमनगरातून वेल्डिंग करून आणली.

रेडिएटर नवा घातला. जुना चालवण्यात अर्थ नव्हता. गळलेलं कूलंट परातीत धरून झाकून ठेवलं, कारण ते गोड लागतं आणि कुत्र्यांना विष ठरतं. नवं कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहिलो आणि पंखा दोनदा आपोआप लागून बंद झाल्यावरच काकांनी मान डोलावली. एसीच्या कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढच्या जाळीच्या) पात्या फक्त दबल्या होत्या. त्यात दाबाखाली गॅस असतो, म्हणून पाइप न सोडता तो बाजूला बांधून ठेवला. एसी चालतो आहे, आईला उकडणार नाही.

बंपर टाकायचा नाही असं मीच ठरवलं. उकळतं पाणी ओतलं की प्लॅस्टिक मऊ होतं, मग आतून ढकलून आकार परत येतो. फाटलेल्या जागी आतल्या बाजूने बारीक तारेची जाळी सोल्डरिंग आयर्नने वितळवून बसवली. बॉनेट जुन्या बाजारात २,८०० रुपयांना मिळालं, तेही चंदेरी. ते घासलं, प्रायमर मारला, लांबी (पुट्टी) भरली, पुन्हा घासलं. धूळ उडू नये म्हणून पहाटे अंगणात सडा मारला आणि वारा सुटायच्या आत पांढरा रंग मारला. आपला पांढरा एवढ्या वर्षांत पिवळसर झालाय, त्यामुळे बॉनेट अंगापेक्षा उजळ दिसतं. ते तसंच राहू दे.

हेडलाइट एकच बदलला. रात्री भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून जुन्या दिव्याच्या उजेडाची उंची कोळशाने आखली आणि मागच्या स्क्रूने नवा त्याच रेषेला आणला. शेवटी चाकांचं अलाइनमेंट तपासून घेतलं, तेही ठीक निघालं. सगळं मिळून ९,९०० रुपये खर्च झाला. तीन रविवार गेले.

पंधरा दिवस शहरातच चालवली, मग दोनदा कागलपर्यंत जाऊन आले. कूलंटची पातळी जागची हललेली नाही. तुमच्या वहीत सगळं तारखेनिशी लिहिलंय, तुमच्याच पद्धतीने.

आई, जुनं बॉनेट फेकलेलं नाही. दसऱ्याला तू काढलेल्या स्वस्तिकाचं कुंकू अजून दिसतं त्यावर. तू सांगशील तसं त्याचं करू. आणि मागे बसलीस तरी पट्टा लावायचा, त्यावर वाद घालू नकोस.

बाबा, मी १९ ला संध्याकाळी, उजेड असतानाच पोचेन. निघण्याआधी बॉनेट तुम्ही स्वतः उघडा, बंद करा आणि दोन्ही बाजूंच्या फटी बोटाने चाचपून बघा. तुम्ही बरोबर आहे म्हणालात तरच त्या गाडीने निघू, नाहीतर एसटी आहेच.

तुमची,
ताई