शनिवारी पाऊस पडला तर

शेफिल्ड
रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,

आठ महिन्यांत एक ओळ नाही. काय शिव्या द्यायच्यात त्या देऊन घे आणि मग पुढं वाच. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे.

काल सँडीगेटला, म्हणजे इथल्या हॅलम फुटबॉल क्लबच्या मैदानावर, मध्यंतराची शिट्टी झाली आणि गोलमागं उभी असलेली सगळी माणसं चहाचे कप घेऊन दुसऱ्या गोलकडं चालायला लागली. इथली रीतच आहे ती. आपला संघ ज्या गोलवर चाल करतो, त्या गोलमागं उभं राहायचं. खेळाडूंनी बाजू बदलली की आपणही बदलायची. समोरून पाहुण्यांचे पाठीराखे येत होते. वाट एवढी चिंचोळी की खांद्याला खांदा घासतो. त्यांच्यातला एक म्हातारा आमच्यातल्या एकाला म्हणाला, "तिकडं चिखल आहे, जपून." बाळ्या, पोलीस एकही नव्हता! कोल्हापुरात शाहू स्टेडियममध्ये मध्यंतराला पाटाकडील आणि खंडोबा तालमीच्या पोरांना एकमेकांच्या गॅलरीत जायला सांगितलं तर काय होईल, हे इथं मी कुणाला समजावू?

तर भाचीच्या पदवीदानाला येतोयस, त्यातला एकुलता एक शनिवार माझा. हॅलमचा त्या दिवशी घरचा सामना आहे, म्हणजे आत्ता तरी कागदावर आहे. कुठल्या कप स्पर्धेत ते पुढं गेले तर लीगचा सामना सरकतो. पण त्याचं एवढं नाही. मला घोर लागलाय पावसाचा.

तू हसशील. आपल्या पावसापुढं ह्यांचा पाऊस म्हणजे दाढीचं पाणी. पण लेका, आपला फुटबॉल पावसाळा संपल्यावर सुरू होतो. ह्यांचा ऑगस्टला सुरू होतो आणि ऐन ओल्या, गारठ्याच्या महिन्यांतून एप्रिलपर्यंत चालतो. मोठ्या क्लबांच्या मैदानाखाली गरम पाण्याचे नळ असतात, निचऱ्याची सोय असते. खालच्या क्लबांत दोन-चार स्वयंसेवक, लांब दातांचे काटे आणि वाळूची पोती. काट्यानं गवतात भोकं पाडायची, पाणी खाली जाऊ द्यायचं, वर वाळू टाकायची. गोलसमोरची जागा सगळ्यांत आधी खराब होते, कारण गोलकीपर आणि कॉर्नरची गर्दी तिथंच तुडवते. आणि सँडीगेटचं मैदान तर चक्क उतारावर आहे, एका बाजूला चेंडू ठेवला तर तो स्वतःच ठरवतो कुठं जायचं ते. उतारानं पाणी वाहून जातं खरं, पण खालच्या अंगाला ओल धरते.

खेळायचं की नाही ते पंच ठरवतो. शंका असली तर सकाळीच जवळपासच्या एखाद्या पंचाला बोलावून पाहणी करतात. तो मैदानभर चालतो, बुटाखाली पाणी वर येतं का बघतो, खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडतो. उसळला नाही, किंवा जमिनीवरून ढकलल्यावर डबक्यात अडकून राहिला, तर संपलं. थंडी पडली तर वेगळाच ताप. जमीन गोठली की बुटाचे खिळे रुतत नाहीत आणि पडणाऱ्याचा गुडघा जातो. पाण्यापेक्षा हे फसवं, कारण ऊन आलेला भाग सुटतो आणि स्टँडच्या सावलीतला पट्टा दुपारपर्यंत दगड. पाहणीत पास झालेला सामनासुद्धा दीड वाजता रद्द होऊ शकतो. म्हणून क्लबचं सोशल मीडिया पाहिल्याशिवाय घर सोडायचं नाही.

पर्याय काढून ठेवलेत. दक्षिणेला ड्रॉनफिल्डमध्ये शेफिल्ड एफसी, स्थापना 1857, जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब. वायव्येला स्टॉक्सब्रिज, जिथून जेमी व्हार्डी वर आला आणि 2016 ला लेस्टरकडून प्रीमिअर लीग जिंकला. पण स्टॉक्सब्रिज आणखी डोंगरात. इथं पाऊस असेल तर तिथं काय असेल? त्यापेक्षा प्लास्टिकच्या गवताचं मैदान असलेला एखादा क्लब बघून ठेवतो. ते क्वचितच बुडतं. चेंडू मात्र तिथं गोटीसारखा पळतो, मजा नाही.

मन सँडीगेटवरच अडकलंय, कारण ते गिनीजच्या नोंदीनुसार जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान. 26 डिसेंबर 1860 ला हॅलम आणि शेफिल्ड तिथं पहिल्यांदा भिडले. आणि ऐक, 1862 च्या डिसेंबरात ह्याच दोघांची ब्रॅमल लेनवर धर्मादाय मदतीसाठी मॅच होती, तीत मारामारी झाली. एकानं वेस्टकोट काढून फेकला आणि ठोसे सुरू. प्रेक्षक आत. त्या वेळच्या बातमीप्रमाणे त्या गड्याला शिक्षा काय, तर गोलकीपर केलं! आपल्याकडं ही शिक्षा असती तर तू आयुष्यभर गोलमध्येच उभा असतास. (आणि तो गोल ऑफसाइडच होता. वीस वर्षं झाली तरी होता.)

आता नीट वाच. इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या चार पातळ्यांवर मिळून 92 क्लब. पाचवीपासून खाली सगळं नॉन-लीग. हॅलम त्यातही बरंच खाली. तिकीट आधी काढायचं नाही, फाटकावर सात ते दहा पौंडांच्या दरम्यान. सामना तीनला, आपण सव्वादोनला आत. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच इथल्या टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवत नाहीत, का तर माणसांनी अशा मैदानांवर जावं म्हणून. 'गोल्डन गोल'चं तिकीट घ्यायचं, त्यावर एक मिनिट छापलेलं असतं. पहिला गोल त्या मिनिटाला पडला तर बक्षीस. पाचव्या पातळीपर्यंत मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला कायद्यानं बंदी. त्याखाली प्लास्टिकच्या ग्लासात बिअर घेऊन थेट कठड्याला टेकता येतं. हे वाचून तू विमान आदल्या दिवशीचं करशील.

'पाय' (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) घेण्याआधी आत काय आहे विचार, बहुतेक बीफ असतं. बोव्हरिल नावाचं काळं गरम पाणी मिळतं, तेही बीफचंच. वाटाणे आणि चिप्सवर हेंडरसन्स रेलिश नावाचा सॉस ओत, ते ह्याच गावचं, 1885 पासूनचं, पूर्ण शाकाहारी.

कपडे: आत थर्मल, वर दोन थर, वर पाणी न शिरणारं जाकीट. मोजे दोन जोड. स्पोर्ट्स शूज नकोत, जाड तळाचे बूट आण. त्या दिवसांत चारच्या सुमारास सूर्य मावळतो, दुसरा हाफ दिव्यांखाली, आणि कठड्याचं लोखंड हात गोठवतं. आणि घसा जरा सांभाळ. लाइन्समन तुझ्यापासून चार फुटांवर उभा असतो, मराठी कळली नाही तरी सूर कळतो.

दुकानाचं काय ठरलं? चिन्याला बारावीला किती? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? काकांना नमस्कार.

शनिवारी सकाळी फोन सायलेंटवर ठेवून झोपू नकोस. पाहणीचा निकाल आला की लगेच कळवीन, मग सँडीगेट की प्लास्टिक ते बघू. आणि कांदा-लसूण मसाला अर्धा किलो, दोन पिशव्यांत बांधून. गेल्या वेळी बॅगेत फुटला होता.

तुझा,
सुन्या