रक्त येत नाही, म्हणून हिरड्या ठणठणीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी ३१ मे रोजी, तंबाखूविरोधी दिनाच्या निमित्ताने, कर्करोगावर भरभरून छापून येते. हिरड्यांचा मात्र उल्लेखही नसतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे कितीतरी दात हिरड्यांपायीच जातात, आणि तेही गुपचूप.

पायरिया म्हणजे ब्रशला लागणारे रक्त, असा सर्वसाधारण समज. ओढणाऱ्यांच्या बाबतीत तो फसवतो. निकोटिनने हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, सूज आणि लाली दबते. हिरडी वरून फिकट, घट्ट दिसते. आत दाताला धरणारे हाड झिजत राहते. खरे काय ते प्रोब सांगतो. मिलिमीटरच्या खुणा असलेली ही बोथट सळई दात आणि हिरडीमधल्या फटीत अलगद सरकवतात. ३ मिमीपर्यंत गेली तर ठीक. ४ किंवा त्याहून जास्त गेली तर ते पॉकेट, आणि खोल पॉकेटच्या तळाशी ब्रश पोहोचत नाही. ओढणाऱ्यांमध्ये वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू विशेष पाहावी लागते. रोजच्या आरशात नेमकी तीच दिसत नाही. दिसते ती दातांत नव्याने पडलेली फट, पण तोवर बरेच हाड गेलेले असते.

मग स्केलिंग (दातांवरचे किटण काढणे) झाले की तक्रार ठरलेली : ‘साफ केले आणि दात हलायला लागले.’ किटणाच्या जाड थराने दात एकमेकांना सांधलेले असतात. तो निघाला की आधीच सैल झालेला दात हलताना कळतो, एवढेच. काळे डाग घालवायला राखुंडी किंवा कोळशाची पूड तर घासूच नये. उघड्या पडलेल्या मुळांना खाचा पडतात. मशेरीने हिरड्या आवळतात म्हणणाऱ्यांना काय सांगावे? तो भाजलेला तंबाखूच.

दाढ काढल्यावर किमान ३ दिवस झुरका नको. ओढीने आणि धुराने खळग्यातली रक्ताची गुठळी टिकत नाही, हाड उघडे पडते आणि दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका मारतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा २ आठवड्यांत गेला नाही, तर तो दुखत नसला तरी दाखवावा.

ओढणे सोडणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. सोडल्यावर महिना-दीड महिन्यात हिरड्यांतून रक्त येऊ शकते. ‘बिडी सोडली आणि पायरिया झाला’ म्हणत काहीजण पुन्हा पेटवतात. वास्तविक रक्तपुरवठा सुधारतो आहे, दडलेली सूज वर येते आहे. अशा वेळी ब्रश थांबवू नये. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत धरून दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे फिरवावा. फटींसाठी इंटरडेंटल ब्रश वापरावा. स्केलिंग याच काळात करून घ्यावे आणि ३ महिन्यांनी पॉकेट पुन्हा मोजून आधीच्या आकड्यांशी ताडून पाहावेत.

– एक दंतवैद्य, सातारा