बातमीदारावर राग काढण्याआधी

महोदय,

हिवाळी अधिवेशन आले की वाहिन्यांचे बातमीदार तीच चार वाक्ये दिवसभर घोळवत बसतात, अशी तक्रार नागपूरकर करतात. तक्रार रास्त आहे, पण राग भलत्याच माणसावर निघतो. कोणी, कुठे, किती वाजता, कोणते युनिट (कॅमेरा आणि थेट प्रक्षेपणाचे साहित्य) घेऊन उभे राहायचे, हे पडद्यावर कधीच न दिसणारा असाइनमेंट संपादक ठरवत असतो.

सकाळच्या बैठकीआधी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या स्ट्रिंगरना, म्हणजे कामापुरते मानधन घेणाऱ्या स्थानिक बातमीदारांना, फोन होतात, मग डे प्लॅन तयार होतो: बातमी, बातमीदार, कॅमेरामन, गाडी आणि बाईट (कोणाची तरी छोटी प्रतिक्रिया), लाइव्ह की पॅकेज (संपादित करून तयार केलेली बातमी). अधिवेशनात घोळ होतो तो पासांचा. विधानभवनाच्या आवारात पासवाल्या कॅमेरामनलाच जाता येते. दुपारी यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवला आणि रेटारेटी झाली, की असाइनमेंट डेस्क घाईघाईत या पासवाल्यालाच तिकडे पिटाळते. तेवढ्यात इकडे पायऱ्यांवर विरोधकांच्या घोषणा सुरू होतात आणि टिपायला कोणीच नसते. मोर्चासाठी बिनपासाचे दुसरे युनिट सकाळीच लावून ठेवले तर ही धावपळ टळते.

गर्दीचा अंदाजही डेस्कनेच बांधायचा. पाठीवरच्या बॅगेतले लाइव्ह युनिट अनेक सिमकार्डांचा डेटा एकत्र करून चित्र पाठवते. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो लोक असतात. सगळ्याच कंपन्यांचे नेटवर्क तुंबले की सिम कितीही घाला, चित्र गोठते. तिथे उपग्रहावर चालणारी ओबी व्हॅनच, म्हणजे थेट प्रक्षेपणाची गाडीच, हवी. तीही वाहतूक वळवण्याआधी आत नेलेली आणि डिशसमोर झाड किंवा इमारत येणार नाही अशी लावलेली.

पावसाळ्यात वेगळीच डोकेदुखी. 23 सप्टेंबर 2023 रोजी अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, त्याचे व्हिडिओ पुढच्या कुठल्याही पावसात ‘आत्ताचे’ म्हणून येऊ शकतात. कोणी काढला, कधी, कुठे, हे स्ट्रिंगरला विचारायचे, मूळ फाइल मागायची, दुकानाची पाटी आणि गाड्यांचे नंबर पाहायचे. नागपूरचे एमएच 31 किंवा 49 दिसले म्हणजे गाव कळले, दिवस नव्हे.

सगळ्यात वाईट प्रकार मुंबईत बसून नकाशा पाहण्याचा. ‘गडचिरोलीत आहेसच, तर भामरागडचेही करून टाक.’ नागपूर ते गडचिरोली सुमारे 170 किलोमीटर, भामरागड तिथून पुढे जवळपास तितकेच, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की संपर्कच तुटतो. त्यात दर अर्ध्या तासाला फोनो, म्हणजे फोनवरून थेट बातमी. मग बातमीदाराने अधिकाऱ्यांना गाठायचे कधी, गावकऱ्यांशी बोलायचे कधी? ती चार वाक्ये इथूनच येतात. जाणता असाइनमेंट संपादक आउटपुटला, म्हणजे बातम्या पडद्यावर चालवणाऱ्या विभागाला, ठणकावतो: तासभर तो मिळणार नाही, तोवर दृश्यांवर चालवा. वरून दबाव असताना हे सांगायला धमक लागते, आणि ती फार थोड्यांत असते.

वाहिन्यांनी निदान अधिवेशनापुरता तरी एक असाइनमेंट संपादक नागपुरात बसवावा, गाड्या आणि युनिट हलवण्याच्या पूर्ण अधिकारासह. टेकडी रोडवरची ओबी झिरो माइलला न्यायला मुंबईची परवानगी कशाला लागावी?

– असाइनमेंट डेस्कवर काम केलेला एक वाचक, धरमपेठ, नागपूर