डालडाचा डबा

वेसावे, मुंबई
19 जुलै

प्रिय पक्या,

दीड वर्ष झालं, तुला एक ओळ लिहिली नाही. छोटीच्या बारशाला आलो नाही, तू दोनदा फोन केलास तोही उचलला नाही. राग चार महिन्यांतच गेला होता. मग लाज वाटायला लागली, आणि जितके दिवस गेले तितकं लिहिणं अवघड होत गेलं. माफ कर.

आज लिहितोय कारण एक गोष्ट घडलीय आणि ती इथे कुणाला सांगून कळत नाही. दादा म्हणाला, ‘एका पान्यासाठी एवढं काय? दुसरा घे.’ तुला मात्र ‘वाकडा पाना’ एवढं म्हटलं तरी तुझं लक्ष डाव्या अंगठ्याकडे जाईल. तो पाना गेला रे, पक्या. मी घालवला.

घरी सगळे बरे. बाबांची साखर ताब्यात, बयचे गुडघे दर पावसाळ्यासारखे. मी ठणठणीत.

आधी एक कबूल करतो. धाकट्याच्या हळदीत तू सगळ्यांसमोर म्हणालास, ‘यांच्या बोटीवर बोट कमी आणि भंगार जास्त,’ आणि मी तुला म्हणालो, ‘दुसऱ्याच्या जहाजावर पगार घेणाऱ्याने आम्हाला शिकवू नये.’ चारचौघांत बोललास त्याचं अजून वाईट वाटतं. पण बोललास ते खरं होतं. आणि मी बोललो ते बोलायला नको होतं.

मे महिन्यातल्या शेवटच्या फेरीला रात्री अडीचच्या सुमाराला फॅन बेल्ट तुटला. चार्जिंगचा दिवा लागला, टेंपरेचरचा काटा चढायला लागला, मी इंजिन बंद केलं. उधाणाची भरती, पाणी आत ओढत होतं, आणि पुढ्यात कुणाच्या तरी डोल जाळ्याचे बोये दिसत होते. नांगर टाकला तो धरेना. बेल्ट होते, चार होते, हे मला पक्कं माहीत होतं. कुठे होते ते आमची बोट हाकणाऱ्या तांडेलकाकांना माहीत, आणि काका त्या फेरीला नव्हते, नातीच्या लग्नाला गेले होते. पुतण्या तोंडात टॉर्च धरून इंजिनाच्या खोलीत पालथा पडला आणि एकेक पिशवी वर फेकत गेला. तीन बेल्ट सापडले, तिन्ही जुन्या इंजिनाचे, चार बोटं आखूड. चौथा बर्फाच्या रिकाम्या क्रेटखाली निघाला. शोधायला चाळीस मिनिटं गेली, चढवायला दहा. नांगराने शेवटी तळ पकडला म्हणून, नाहीतर कुणाचं तरी जाळं आमच्या पंख्यात असतं आणि आम्ही पोलिसांत.

त्याच रात्री ठरवलं. 1 जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली, बोट ओढली, आणि चार दिवसांनी बंदरावरच्या शेडमध्ये ताडपत्री टाकून बोटीवरचं सगळं खाली काढलं.

तू असायला हवा होतास. जुनं इंजिन आपण 2011 साली विकलं ना? त्याच्या नोझला, त्याचे हेड गॅस्केट, त्याचे तीन डिझेल फिल्टर, सगळं जपून ठेवलेलं. तेरा नंबरचे पाने नऊ निघाले आणि दहाचा एकही नाही. पकडी आठ, त्यातल्या पाच गंजून मिटलेल्या त्या मिटलेल्याच. नट-बोल्टांचा एक डबा उलटा केला तर काही पडेचना. हातोडी मारली तेव्हा आख्खा तांबडा गोळा डब्याच्या आकारात बाहेर आला, तळाच्या अक्षरांसकट, पानावर काढलेल्या भाताच्या मुदीसारखा. इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातली रबरी पाकळ्यांची चाकं, सात होते. पाकळी बोटाने वाकवून बघायची, बुडाशी चीर दिसली की बाद. पाच बाद झाले, आणि त्यातल्या एकाच्या भरवशावर आम्ही गेली तीन वर्षं ‘स्पेअर आहे’ म्हणून बिनधास्त होतो.

आणि ऐक, तुझा पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर सापडला! ज्याच्यासाठी तू मला आख्खी अकरावी चोर म्हणत होतास तोच, मुठीवर दाभणाने कोरलेला तुझा ‘प’ अजून आहे. डिझेलच्या टाकीमागे उभा अडकला होता. म्हणजे तूच ठेवला होतास, कारण तिथे तुझ्याशिवाय कुणाचा हात जात नव्हता. तेव्हा माझ्याकडून घेतलेली माझी क्रिकेटची बॅट व्याजासकट परत कर.

ठेवायचं काय आणि काढायचं काय, याला मी तीन प्रश्न धरले. हे याच इंजिनाचं आहे का? हे तुटलं तर बोट थांबते का? आणि थांबली तर समुद्रात, हलत्या बोटीत, आपल्या हाताने ते बदलता येतं का? तिन्हीला ‘हो’ असेल तर ते बोटीवर. बदलता येत नसेल तर घरी माळ्यावर, नाहीतर भंगारात. असं करत दोन इम्पेलर, नवे आणलेले तीन बेल्ट, फिल्टर, होज क्लिपा, पंख्याच्या दांड्याशी पाणी अडवणारी ग्लँडची दोरी, फ्यूज, बल्ब एवढं राहिलं. तांब्याचे वॉशर सगळे ठेवले, अगदी वापरलेलेसुद्धा. काका ते स्टोव्हवर लाल करून पाण्यात टाकतात, परत मऊ होतात, परत बसतात, ते आपण किती वेळा बघितलंय. इम्पेलरना मशीनचं ग्रीस लावलं नाही, रबर खराब होतं. ग्लिसरीन लावून काळ्या पिशवीत ठेवले. जड हत्यारं खाली, बोटीच्या मध्यावर, पण तळात साचणाऱ्या बिल्जच्या पाण्यापासून वीतभर वर. कागदी लेबलं आठवड्यात गळतात, म्हणून डब्यांवर ऑइल पेंटने लिहिलं. दोन खलाशांना मराठी वाचता येत नाही, तेव्हा प्रत्येक झाकणावर आत आहे त्याचा एक नमुना चिकटवला: बेल्टाचा तुकडा, एक क्लिप, एक वॉशर. अंधारात हात फिरवला तरी कळतं.

आणि तू सांगितलं होतंस ती फळी केली. प्रत्येक हत्याराची बाहेरची रेघ पांढऱ्या रंगाने काढली, जागा रिकामी दिसली की कोणतं गेलं ते लगेच दिसतं. तुमच्या जहाजावर असते तशीच. ती टांगली तेव्हा मला तुझी फार आठवण आली. फोटो पाठवायला फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

आता डबा.

डालडाचा पिवळा डबा, झाडाच्या चित्राचा, इंजिनामागे अगदी कोपऱ्यात. झाकण काढलं तर वर जुन्या इंजिनाच्या नोझला. पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’. मी डबा उलटा केलासुद्धा नाही, तसाच भंगाराच्या ढिगात टाकला. एकूण 63 किलो भरलं. दोन हजाराच्या आसपास पैसे आले, ते कपाटात तसेच आहेत.

दुसऱ्या दिवशी काका आले. पहिल्यांदा सगळं बघितलं, फळी बघितली, डब्यांच्या झाकणांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘बरं केलंस. पोरांना सापडेल.’ मला इतका आनंद झाला! मग ते गुडघ्यावर बसले, डावा हात इंजिनामागे घातला, थेट खांद्यापर्यंत, आणि हात तिथेच राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘डबा?’

मी म्हणालो, ‘तो जुन्या इंजिनाचा? दिला ना.’

त्यांनी हात बाहेर काढला, पंचाला पुसला. परत एकदा फळीकडे बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग ‘बरं’ म्हणाले आणि उतरून गेले. त्या क्षणी मला आठवलं. नोझलांच्या खाली, काकूंच्या लाल काठाच्या चिंधीत गुंडाळलेला वाकडा पाना. उसना मागायला येणाऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून काका तो जुन्या भंगाराखाली ठेवायचे. चांगल्या डब्यात ठेवला असता तर बंदरावरच्या कुणीतरी कधीच पळवला असता. मला हे माहीत होतं, पक्या. तुलाही माहीत होतं. आपल्या दोघांनाच तर माहीत होतं.

नवं इंजिन बसवणाऱ्या मेकॅनिकने ते मागच्या फळ्यांना इतकं चिकटवलं की पाण्याच्या पंपाच्या मागच्या बोल्टाला बाजारातला कुठलाच पाना लागेना. तेव्हा काकांनी लोहाराकडे बसून तो पाना करून घेतला होता. भाता तू मारत होतास, चिमटा मी धरला होता. ‘बघू किती गरम आहे’ म्हणून तू अंगठा लावलास आणि काकूंनी त्यावर टूथपेस्ट फासली. आठवड्याभर तुझ्या हाताला पुदिन्याचा वास येत होता, आणि वर्गात सगळे तुला कोलगेट म्हणायचे. त्या पान्याने काकांनी 2016 च्या ऑक्टोबरात, वीस वाव पाण्यात, लाटेवर आडवं पडून पंप खोलला होता, आणि आपण दोघं त्यांचे पाय धरून बसलो होतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा एवढा घाबरलो होतो.

मी त्याच संध्याकाळी धावत गेलो. गल्लीतल्या भंगारवाल्याने माल कुर्ल्याला पाठवला होता. दुसऱ्या दिवशी भर पावसात कुर्ल्याच्या भंगार बाजारात दिवसभर फिरलो. गोदामवाला भला माणूस होता, त्याने मला ढिगावर चढू दिलं. पण ट्रक सकाळीच भट्टीकडे निघून गेला होता. चोर बाजार पाहिला. दारूखान्यात गेलो. 2014 साली आपण जुनी विक्रांत युद्धनौका तोडताना बघायला गेलो होतो ना, त्याच रस्त्याने चालत होतो. तिच्या लोखंडाची पुढे मोटारसायकल झाली म्हणे. आपल्या पान्याचं काय होईल, कुणाच्या घराची सळी, कुणास ठाऊक. नागदेवी स्ट्रीटवर अर्धचंद्राकृती पाने मिळतात, एक आणून बघितला, बोल्टापर्यंत पोचतच नाही.

मग मी तार वाकवून, बोल्टाच्या मागून हात घालून साचा घेतला आणि लोहाराकडून पाना करून आणला. बोल्टावर बसतो, पण पाव फेरा फिरला की फळीला आपटतो. काकांच्या पान्याला दोन वाक होते. पहिला मला आठवतो. दुसरा कोणत्या बाजूला होता, ते काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही.

पण खरी काळजी पान्याची नाही. पाना होईल. काका तेव्हापासून बोटीवर आलेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणतात. इंजिनाचं तेल बदललं तेव्हा आले नाहीत, बोटीला रंग लावला तेव्हा आले नाहीत. एकतीस पावसाळ्यांत काकांशिवाय आमच्या बोटीला रंग लागलेला नाही. 31 जुलैला बंदी संपते. दादा म्हणतो दुसरा तांडेल बघू, माणसं मिळतात. मी त्याच्याशी त्या दिवशी जेवणाच्या ताटावरून उठून भांडलो. मी बयला सांगितलं तर तिने भाकरी थापता थापता विचारलं, ‘तू त्याला विचारलंस का, रे, काय टाकू न काय नको?’ नाही विचारलं. काका गावाला होते, तीन दिवसांत येणार होते. मला ते यायच्या आधी सगळं लावून दाखवायचं होतं. त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं, खरंच.

तुझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. जहाज आता सिंगापूरकडे असेल ना? चीफची परीक्षा झाली का? वहिनींची बदली दापोलीला झाल्याचं आत्याकडून कळलं, म्हणजे तुझी सुट्टी आता निम्मी एसटीतच जाणार. छोटी बोलायला लागली का? तिच्यासाठी सोडे बांधून ठेवलेत, अर्थात खाणार तूच.

येत्या रविवारी मी काकांच्या घरी जाणार आहे. तू त्यांचा लाडका, तुला त्यांचा स्वभाव माझ्यापेक्षा जास्त कळतो. मला एवढंच सांग: हा अर्धवट झालेला पाना बरोबर घेऊन जाऊ, की नुसताच जाऊन बसू? पाना घेऊन गेलो तर त्यांना वाटेल, पान्याच्या कामासाठी आला. नुसता गेलो तर मला एक शब्द सुचणार नाही, ते तुला माहीत आहे.

रविवारच्या आधी लिही. नेट मिळालं तर फोनच कर, या वेळी उचलतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. दुसरा वाक तुला आठवत असला तरी मला सांगू नकोस. तो मी काकांनाच विचारतो.