वहिनी, आता फोन ठेवता येणार नाही

प्रिय वहिनी,

आभार मानायला फोन केला की तू "पुरे हो वन्सं, गॅसवर दूध आहे" म्हणून ठेवून देतेस. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते.

आमच्या वाचनालयाने अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेलव्हिलवर बोलायला बोलावलं तेव्हा मी हो म्हटलं ते भिडेपोटी. देवमाशाच्या शिकारीवरची त्याची कादंबरी 'मोबी डिक' मी तीनदा सुरू केली होती आणि तिन्ही वेळा ३२व्या प्रकरणात रुतले होते. नुकतं कुठे जहाज बंदरातून निघालेलं असतं, आणि हा गृहस्थ गोष्ट बाजूला ठेवून देवमाशांच्या जातीपोटजाती सांगत बसतो. पायाचं हाड मोडून दापोलीला तुझ्याकडे पडून राहिले नसते, तर चौथ्यांदाही तिथेच गाडं अडलं असतं. बाहेर पाऊस, तू भाजी निवडत बसलेली, मी इंग्रजीतून वाचून तोडक्यामोडक्या मराठीत सांगतेय. अशी १३५ प्रकरणं आपण संपवली. दादा मध्येच येऊन "मेला का तो मासा?" विचारून जायचा.

मी म्हटलं होतं, माशांच्या माहितीची प्रकरणं गाळू या, बहुतेक लोक गाळतातच. तू शेंगेचा दोर ओढत म्हणालीस, "का? तेवढंच तर त्याला खरं ठाऊक आहे."

हर्णैच्या बंदरात वाढलेल्या बाईचं हे मत मी तेव्हा हसण्यावारी नेलं. मेलव्हिल १८४१च्या जानेवारीत अकुश्नेट नावाच्या देवमासे मारणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून खरोखरच गेला होता, हे मी तुला सांगितलं ते बऱ्याच उशिरा. तू आधीच ओळखलं होतंस. देवमासा मासाच आहे, असं तो ठासून सांगतो तेव्हा तर तू खूश झालीस. "मग काय! आपणही देवमासाच म्हणतो ना, देवम्हैस नाही म्हणत." शास्त्राप्रमाणे तुम्ही दोघं चूक आहात, हे माझं म्हणणं अजून कायम आहे.

पण मला खरे आभार मानायचेत ते ६०व्या प्रकरणासाठी. ते अख्खं प्रकरण देवमाशावर फेकायच्या भाल्याला बांधलेल्या दोरावर आहे. जाडी इंचाच्या दोन तृतीयांश, लांबी २०० वावांहून जास्त, टबात वेटोळं घालताना एक पीळ राहू नये म्हणून भालाईत सगळी सकाळ त्यात घालवतो. मग तो दोर होडीभर, वल्ही मारणाऱ्यांच्या अंगाजवळून फिरलेला असतो. मी जांभया देत वाचत होते. तुझे हात मात्र थांबले. तुझ्या बाबांच्या होडीवरच्या कुणाचा तरी पाय एकदा दोरात अडकला होता, ते तू तेव्हा सांगितलंस, आणि म्हणालीस, "हा दोर कुणाचा तरी जीव घेणार बघ. उगाच नाही एवढं सांगत."

त्यानंतर ७५ प्रकरणांनी जहाजाचा कॅप्टन अहाब याच्या गळ्याभोवती दोराचा फास बसतो आणि तो होडीतून नाहीसा होतो. मी पुस्तक मिटून तुझ्याकडे बघितलं. तू उठून चहा टाकलास.

अहाबवरून मात्र आपलं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. मला तो माणूस भव्य वाटतो. आपला पाय तोडणाऱ्या पांढऱ्या देवमाशावर त्याने सगळ्या सृष्टीचा राग काढावा, त्याची भाषा समुद्रासारखी उसळावी! तुझ्या लेखी तो वाईट तांडेल. कारण तू सगळं पुस्तक वाट्याच्या हिशोबाने ऐकत होतीस. या जहाजांवर पगार नसतो, नफ्यातला वाटा असतो. कंजूष मालक बिल्डाड गोष्ट सांगणाऱ्या इश्मेलला ७७७वा वाटा देऊ पाहतो आणि शेवटी ३००व्यावर तुटतं, तिथे तू हसून लोटपोट झालीस. अहाब सूड मागतो तेव्हा त्याचा हाताखालचा अधिकारी स्टारबक विचारतो, तुझा सूड आपल्या नँटकेट बंदराच्या बाजारात किती पिंपं तेल देईल? तू म्हणालीस, "हाच एक शहाणा. बाकीच्यांच्या घरी काय चुली नाहीत?" हे मी कुठल्याच समीक्षेत वाचलं नव्हतं. समीक्षक अहाबचा आत्मा शोधत असतात, बाकी माणसांच्या चुली मोजत नाहीत.

भाषणात मी हेच सांगितलं, आणि पुस्तकाची हकिगतही. १८५१च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला 'द व्हेल' नावाने तीन खंड निघाले त्यात इश्मेल एकटा वाचतो हे सांगणारा शेवटचा उपसंहार गळाला होता, त्यामुळे तिथले काही परीक्षक विचारत बसले की सगळेच बुडाले तर गोष्ट सांगतंय कोण? मेलव्हिलचा मित्र एव्हर्ट डायकिंक यानेही पुस्तकाला बौद्धिक 'चाऊडर' म्हटलं, म्हणजे माशांचं दाट कालवण. तुझ्या मते ही तक्रार नसून कौतुकच आहे. लोकांना आवडलं होतं ते त्याचं पहिलं पुस्तक, १८४६चं 'टायपी', दक्षिण समुद्रातल्या बेटांवरचं. पुढे १९ वर्षं त्याने न्यूयॉर्कच्या कस्टममध्ये नोकरी केली, १८९१ला वारला, आणि त्याचे वाचक जमले ते १९२०च्या दशकात.

भाषणानंतर एक निवृत्त प्राध्यापक तावातावाने म्हणाले की माहितीची प्रकरणं हा लेखकाचा दोष आहे, थोर माणसांचेही दोष असतात. मी त्यांना तुझा दोर ऐकवला. ते म्हणाले, "योगायोग." मागच्या रांगेतल्या एका मुलाने घारापुरीचं विचारलं. ५५व्या प्रकरणात मेलव्हिल लिहितो ना, देवमाशाचं सगळ्यात जुनं चित्र तिथल्या लेण्यात आहे, मत्स्यावताराचं. मेलव्हिल कधी मुंबईला आलेलाच नव्हता. "शंकराच्या लेण्यात मत्स्यावतार कुठला?" हे तुझंच वाक्य मी आपलं म्हणून फेकलं, हशा मिळवला. तेवढी चोरी माफ कर.

दादाला सांग, मेलव्हिलच्या त्याच्या आवडत्या 'बार्टलबी' या गोष्टीचाही उल्लेख केला. काम सांगितलं की नम्रपणे नकार देणारा तो कारकून ऐकून पुढच्या रांगेतले तीन निवृत्त सरकारी कर्मचारी एकमेकांकडे बघायला लागले. दादाच्या मते मेलव्हिलने लिहिलं ते एवढंच, बाकी सगळं खारं पाणी.

वाचनालयाने शाल दिली आणि नारळ दिला. शाल मी ठेवते, दापोलीत तिचा उपयोग नाही. नारळ गणपतीला येताना घेऊन येईन. तुझा वाटा अर्धा, ३००वा नाही.

तुझी,
वन्सं