मशीन स्वस्त, स्ट्रिप महाग

संपादक महोदय,
आईसाठी शुगरचं मशीन घेतलं तेव्हा आम्ही फक्त मशीनची किंमत बघितली, आणि सहा महिन्यांत त्याच्या स्ट्रिप्स (रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्या) गावातल्या मेडिकलमध्ये मिळेनाशा झाल्या, दुसऱ्या कंपनीच्या त्यात चालत नाहीत, मशीन कपाटात पडून. म्हणून आधी स्ट्रिपचा भाव विचारा, आणि डबी उघडल्यावर किती महिने चालते तेही बघा. लॅबपेक्षा रीडिंग थोडं वेगळं आलं तर घाबरू नका, अशा मशीनच्या अचूकतेचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 15197, त्याच्या 2013 च्या नियमातच रीडिंग 100 च्या वर असेल तर 15 टक्क्यांपर्यंत फरक चालतो. आईचं एकदा 260 आलं, सगळे हादरलो, तर तिने आंबा चिरून हात न धुताच बोट टोचलेलं, साबणाने धुवून, पुसून परत केलं तर 148! स्ट्रिपचा भाव मशीनच्या खोक्यावरच छापायला लावा हो कंपन्यांना.

– एक वाचक